मराठीत खुशामत आणि मनधरणी यांना कोणकोणते शब्द आहेत? दोन्ही एकच ना?

एकच? अजिबात नाही. शब्द हवेत तर घ्या: मस्का लावणं, लोणी लावणं, पुढेपुढे करणं, गोंडा घोळणं, हांजी हांजी, तळी उचलणं, थुंकी झेलणं, लाळघोटेपणा, आणि पेपरवाल्यांचं लाडकं लांगूलचालन, म्हणजे शेपूट हलवणं. ही झाली खुशामत. मनधरणीचं खातंच वेगळं: आर्जव, मिनतवाऱ्या, नाकदुऱ्या काढणं, चुचकारणं, बाबापुता करणं, गोडीगुलाबीनं घेणं. खुशामत सत्तेची होते, मनधरणी रुसलेल्याची. लोक मुद्दाम घोळ घालतात.

आमची पार्ल्याची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली तेव्हाची गोष्ट. २०१९ च्या शासन निर्णयानंतर ५१ टक्के सभासदांची संमती पुरते हे खरं, पण घर रिकामं न करणारा एक जण निघाला तरी प्रकरण कोर्टात लोंबकळतं. आमच्याकडे ते तिसऱ्या मजल्यावरचे काका. "मी गेल्यावर काय ते पाडा," एवढंच म्हणायचे. कमिटीवर मी एकटी बाई, त्यामुळे त्यांच्याकडे जायचं काम माझ्या गळ्यात.

काकांनी बिल्डरचा विषयच काढू दिला नाही. दोऱ्या बांधलेली एक फाईल पुढे ठेवली. बाथरूमच्या छतातून वरचं पाणी गळतं, असे वर्षानुवर्षांचे अर्ज, सुवाच्य अक्षरात, खाली पोच घेण्यासाठी सोडलेली जागा. सगळ्या जागा कोऱ्या. मी ते अर्ज एकेक करून वाचले, मग वरच्या मजल्यावर प्लंबर पाठवून नाहणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमच्या फरशीतलं पाणी जायचं भांडं, बदलून घेतला. पाडायच्या बिल्डिंगमध्ये खर्च केला म्हणून कमिटीत बोंब झाली. काकांनी मात्र सही केली. त्यांच्या तोंडावर कौतुकाचं एक वाक्य मी बोलले नव्हते.

आणि जनरल बॉडीत आमचे खजिनदार काय म्हणाले? "वहिनींनी काकांना बरोब्बर मस्का मारला." सगळे हसले. हे तेच गृहस्थ, जे बिल्डरच्या माणसासाठी गाडीचं दार उघडायला धावायचे आणि "साहेब, तुमच्यासारखा माणूस मिळायला नशीब लागतं" असं भर मीटिंगमध्ये म्हणायचे. याला म्हणतात मस्का! गळकं छत दुरुस्त करण्याला नव्हे.

हो, एक राहिलंच: हरभऱ्याच्या झाडावर चढवणं. हे या दोन्हींत बसत नाही. हरभरा जेमतेम गुडघ्याएवढा, तरी चढणाऱ्याला वाटतं आपण उंचावर आहोत. नको असलेलं काम गळ्यात मारायला हे उत्तम. "वहिनी, तुमच्याशिवाय काकांशी कोण बोलणार?" हेही खजिनदारांचंच वाक्य.

आता कोणी म्हणेल, मनधरणीतही स्वार्थ असतोच. असतो ना, मोठं घर मलाही हवंच होतं. आणि ऑफिसात साहेब रुसून बसला तर त्याची समजूत काढणं हा मस्काच, तिथे मी खजिनदारांच्या बाजूची. पण काका कोणाचे साहेब नव्हते.