औषधाने उतरलेला ताप म्हणजे गेलेला ताप नव्हे

पहिलीतल्या मुलीला रात्री 101 ताप होता, सकाळी औषधाने उतरला, आज घटक चाचणी आहे, पाठवू का, असं तुम्ही विचारलंय. नका पाठवू. चाचणी नंतर घेता येते.

पॅरासिटामॉलचा अंमल चार ते सहा तास. साडेसहाला दिलेल्या डोसावर मूल प्रार्थनेला छान उभं राहतं. मधल्या सुट्टीत तेच मूल बाकावर डोकं टेकून बसलेलं असतं. डबा उघडलेला नाही, हात गार, कपाळ तापलेलं. बाई फोन लावतात. आई मीटिंगमध्ये, बाबा लोकलमध्ये, व्हॅन साडेबाराला. तोवर शेजारणीने त्याच बाटलीला तोंड लावून पाणी प्यायलेलं असतं.

म्हणून औषधाशिवाय पूर्ण 24 तास ताप 100.4 च्या खाली राहिला, तरच शाळा. काखेत मोजलं तर आकडा कमी येतो, हे धरून चाला. उलट्या-जुलाबांत शेवटच्या वेळेपासून निदान 24 तास. कांजिण्यांत सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत, गोवरात पुरळ आल्यापासून चार दिवस, गालगुंडात सूज आल्यापासून पाच. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, खातंय-खेळतंय, तर खुशाल पाठवा. उवांसाठीही घरी ठेवायचं कारण नाही, उपचार मात्र त्याच दिवशी सुरू करा.

पावसाळ्यात ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूचा खरा धोका ताप उतरतानाच सुरू होतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, गार हातपाय, कमी लघवी, मलूलपणा, यातलं काहीही दिसलं तर तडक दवाखाना.

आणि ते शंभर टक्के हजेरीचं बक्षीस! प्रत्येक पालकसभेत मी म्हणते, ते बंद करा. त्या प्रमाणपत्रापायी आया मुलांना औषध पाजून पाठवतात आणि आठवड्यात अर्धा वर्ग खोकत बसतो. 'शिस्त लागते' हे उत्तर मला पटलेलं नाही, पटणारही नाही. आजारी मुलाने घरी राहणं हीसुद्धा शिस्तच आहे.

रजाच मिळत नाही अशा घरांची अडचण मला कळते. दुपारी मुलाला घेऊन जाईल अशा एका माणसाचा नंबर बाईंकडे आधीच देऊन ठेवा. आणि सिरपची बाटली नीट वाचा: एकीत 5 मिलीला 120-125 मिलिग्रॅम असतं, दुसरीत 250. बाटली बदलली आणि चमचा तोच राहिला, तर डोस दुप्पट होतो. डोस वयावर नाही, वजनावर ठरतो; डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या.