'सहन झाला नाही' म्हणजे असहिष्णुता का?

प्रश्न असा आला आहे: धार्मिक विषय असलेल्या एका अ‍ॅनिमेशनपटाबद्दल प्रश्नकर्तीने "मला तो सहन झाला नाही" असं मत दिलं. त्यावर कुणीतरी तिला "असहिष्णू" म्हटलं. हा शब्द इथे बसतो का?

माझ्या मते नाही. 'मला सहन झालं नाही' हे वाक्य 'मला थंडी वाजली' याच्या जातीचं आहे. ते आपल्याला होतं, आपण करत नाही. 'मी सहन करणार नाही' म्हटलं की मात्र 'मी' कर्ता होतो आणि ऐकणारा सावध होतो, कारण त्यात इशारा आहे.

'सहिष्णू' याहून वेगळा. 'सह्' धातूला लागलेला 'इष्णु' हा प्रत्यय स्वभाव दाखवतो. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतल्या 'वर्धिष्णु'मध्ये तोच आहे: वाढत जाणं हा जिचा स्वभाव, ती. तेव्हा एक चित्रपट न आवडण्यावरून कुणाची सहिष्णुता ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. 'सहनशील'ही स्वभावच सांगतो, पण तो आपण दुखणं, कष्ट, अपमान यांच्यासाठी वापरतो. सहिष्णुता मतांबाबत आणि श्रद्धांबाबत. म्हणून 'परमतसहिष्णुता' हा शब्द रुळला. त्यातला 'पर' फार महत्त्वाचा, कारण पटलेल्या मताबाबत सहिष्णुतेचा प्रश्नच येत नाही. आधी खटकावं लागतं!

ट्युनिशियात २०११च्या ऑक्टोबरमध्ये एका खासगी वाहिनीने 'पर्सेपोलिस' हा अ‍ॅनिमेशनपट तिथल्या बोलीत दाखवला. त्यात लहान मुलगी देवाशी बोलते आणि देव दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या रूपात दिसतो. देवाचं चित्र काढणं निषिद्ध मानणाऱ्या प्रेक्षकांना ते लागलं. ते त्यांना सहन झालं नाही, इतकंच म्हणता येईल. निदर्शनं करणाऱ्यांनाही मी लगेच असहिष्णू म्हणणार नाही. पण वाहिनीच्या मालकाच्या घरावर हल्ला झाला, तिथे 'असहिष्णुता' हा शब्दसुद्धा सौम्य पडतो. पुढे मे २०१२मध्ये न्यायालयाने दंड केला तो त्या मालकालाच, २४०० दिनारांचा.

अशा वादांत अरबीत जो शब्द येतो तो 'तसामुह'. त्याच्या मुळाशी उदारपणा आहे आणि शब्दाची घडण परस्परपणाची: एकमेकांशी सढळ वागणं. आपल्या शब्दात सोसणारा एकटाच आहे, ही उणीव मला नेहमी जाणवते. 'सलोखा' थोडा जवळ जातो, पण तो दोन पक्षांमधल्या स्थितीचं नाव आहे, माणसाच्या वृत्तीचं नाही.

प्रश्नात 'सहिष्णु' की 'सहिष्णू' असंही विचारलं आहे. मराठीत सुटा शब्द दीर्घ, 'सहिष्णू'; 'ता' लागला की ऱ्हस्व, 'सहिष्णुता'. 'गुरू' आणि 'गुरुत्व' यांसारखंच.