दाबाखाली पोटॅशियम वेगळे का वागते?

प्रश्न : मूलद्रव्याचे गुणधर्म आवर्तसारणीतील त्याच्या स्थानावरून ठरतात, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो. मग ग्रहांच्या पोटातील प्रचंड दाबाखाली हे गुणधर्म बदलतात, ते कसे?

उत्तर : दाबाने अणुक्रमांक बदलत नाही, त्यामुळे सारणीतील स्थानही बदलत नाही, परंतु त्या स्थानावरून आपण जे गुणधर्म सांगतो, ते एक वातावरण दाबाला (म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाला) पाहिलेले असतात. ही अट पाठ्यपुस्तकांत ठळकपणे लिहायला हवी, असे मला मनापासून वाटते. पृथ्वीच्या केंद्राशी दाब सुमारे ३६ लाख वातावरण आहे, आणि अणू दडपताना इतका दाब जे कार्य करतो, ते रासायनिक बंधाच्या ऊर्जेच्या तोडीचे असते.

पोटॅशियमचे उदाहरण घ्या. त्याचा सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचाच्या ऐसपैस ‘एस’ कक्षकात (कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉन जेथे आढळतो तो अणूतील भाग) असतो. अणू दडपला की या पसरट कक्षकाची ऊर्जा झपाट्याने वाढते, तर तिसऱ्या कवचातील आटोपशीर ‘डी’ कक्षकाची तितकी वाढत नाही, आणि शेवटी इलेक्ट्रॉनला तेथे जाणेच सोयीचे ठरते. अणूचा आकारही बराच घटतो. थोडक्यात, पोटॅशियम हा अल्क धातू (सोडियमच्या गटातला) लोखंड-निकेलसारख्या, ‘डी’ कक्षकात इलेक्ट्रॉन असलेल्या संक्रमण धातूसारखा वागू लागतो. एरवी निकेलशी न जुळणारे पोटॅशियम दाबाखाली त्याच्याशी संयुग बनवते, हे हिऱ्यांच्या दोन टोकांमध्ये नमुना दाबून केलेल्या प्रयोगांतून १९९६ साली दिसून आले. (सोडियमची तऱ्हा तर आणखी निराळी आहे : सुमारे २० लाख वातावरण दाबाला हा चकचकीत धातू पारदर्शक होतो, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले.)

पृथ्वीच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण गाभा मुख्यतः लोखंड आणि निकेलचा आहे, आणि सुमारे १२५ कोटी वर्षे अर्धायुष्य असलेले पोटॅशियम-४० (पोटॅशियमचे किरणोत्सारी समस्थानिक) त्यात मिसळलेले असेल, तर त्याच्या किरणोत्सारी ऱ्हासातून गाभ्याला उष्णता मिळत राहील. ते तेथे किती आहे, यावर संशोधकांत मतभेद आहेत. त्याच्या ऱ्हासातून निघणारे प्रतिन्यूट्रिनो (पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण) मोजून निवाडा करता आला असता, पण त्यांची ऊर्जा १.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच थांबते आणि भूगर्भातील प्रतिन्यूट्रिनो टिपणाऱ्या आजच्या उपकरणांना किमान १.८ लागते.