बालमैत्रिणीवर जीव जडलाय? घाई करू नकोस

अरे, घाबरू नकोस. लहानपणी जिच्याशी खोडरबरावरून भांडलास, तिचा फोन आला की आता पोटात गोळा येतो, हे प्रेमच असू शकतं. पण लगेच बोलून टाकू नकोस. तिच्या आयुष्यात दुसरं कुणी आलंय म्हणून हे अचानक जाणवलं का, ते स्वतःला प्रामाणिकपणे विचार. ती ओढ वेगळी आणि मैत्रीण दुरावण्याची भीती वेगळी.

'बहिणीसारखी होती' ही टोचणी मात्र सोड. एकत्र वाढलेल्यांमध्ये सहसा आकर्षण निर्माण होत नाही, असं मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड वेस्टरमार्क यांनी १८९१ मध्ये मांडलं, पण ते अगदी कोवळ्या वयापासून एका घरात राहिलेल्यांबद्दल. तुमची घरं वेगळी होती.

बोलशील ते समोरासमोर, दोघंच असताना. मेसेजवर नको, मित्रांना मध्ये घालून तर नकोच. माझा नवरा माझा बालमित्रच. त्याला मी सरळ म्हणाले होते, "तू मला मित्राहून जास्त आवडतोस. उत्तराची घाई नाही." हे दुसरं वाक्य विसरू नकोस, त्यानेच समोरच्याला श्वास घ्यायला जागा मिळते. ती नाही म्हणाली तर कारणं विचारत बसू नकोस. थोडे दिवस लांब राहा, पण तसं तिला सांगून. न सांगता गायब झालास तर इतक्या वर्षांची मैत्रीच खोटी होती असं तिला वाटेल.