ॲरिझोनाला जायचं तर फेब्रुवारी ते एप्रिल, आणि पहिल्या वर्षी घर नका घेऊ

तुम्ही विचारलंय की कॅनडातल्या एडमंटनहून दोघं पुढच्या वर्षी रिटायर होताय, हिवाळ्यात ॲरिझोनाला जावं का आणि कधी, तिकडे 55 प्लसच्या, म्हणजे पंचावन्नच्या पुढच्यांसाठीच्या, वस्तीत एखादं पार्क मॉडेल (छोटं तयार घर) विकत घेऊन टाकावं का, आणि मुख्य म्हणजे तिथे इतके दिवस करायचं काय, कंटाळा नाही का येत. आम्ही कॅल्गरीचे, फिनिक्सला लागून असलेल्या मेसाला जातोय त्याला आता आठ सीझन झाले (कोविडची दोन वर्षं सोडून), म्हणून जरा पाल्हाळ लावते, चहा घेऊन बसा.

आधी कबूल करते, मी सोलापूरची. ज्या गावात मे महिन्यात 44 डिग्रीत डोक्याला ओला पंचा बांधून शाळेत गेले त्या गावची बाई पैसे भरून वाळवंटात राहायला जाणार हे ऐकून माझी बहीण फोनवर पोट धरून हसली होती. पण पस्तीस वर्षं ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसल्यावर आणि ह्यांचा गुडघा बोलायला लागल्यावर माणूस कुठेही जातो.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांसारखं ख्रिसमस उरकल्या उरकल्या पळालो आणि जानेवारी संपवून परत आलो, आणि मला अजिबात आवडलं नव्हतं. दिवसा 19-20 डिग्री, छानच की, पण सूर्य साडेपाचला गायब आणि रात्री पारा पाच-सहावर, त्या पत्र्याच्या घरात हीटर लावून स्वेटर घालून बसायचं, मग कॅल्गरीत काय वाईट होतं? बाहेर बघावं तर सगळं करडं, झुडपं वाळल्यासारखी. मी ह्यांना म्हटलं झालं तेवढं पुरे. परत येताना शेजारच्या, कॅनडातल्याच सास्काचवानच्या, आजी म्हणाल्या, तुम्ही नाटक सुरू व्हायच्या आधीच निघालात.

दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर गेलो आणि 15 एप्रिलपर्यंत राहिलो, तेव्हा कळलं बाई काय म्हणत होत्या. तिथे हिवाळ्यात थोडा पाऊस पडतो, तो नीट झाला असेल तर फेब्रुवारीच्या शेवटापासून डोंगरउतारावर पिवळ्या-केशरी पॉपीची फुलं येतात, पिकाचो पीकला म्हणा किंवा आमच्या जवळच्या सुपरस्टिशन डोंगराच्या पायथ्याला. पाऊस नसेल झाला तर त्या वर्षी काही नाही, वाट बघत बसायचं नाही. पण बाकीची मंडळी दगा देत नाहीत. मार्चमध्ये ब्रिटलबुशचे पिवळे गठ्ठे, मग ओकोटिओ, म्हणजे नुसत्या काटेरी काठ्या उभ्या असतात त्यांच्या टोकाला लालभडक तुरे, लांबून बघितलं की मला पांगाराच आठवतो. एप्रिलमध्ये पालो व्हेर्दे फुलतं. हिरव्या खोडाचं झाड, पानं नावाला, आणि फुललं की अख्खं पिवळं, खाली पण पिवळा सडा. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण, आणि फड्या निवडुंग तर मूळचा अमेरिकेचाच, तो आपल्या माळावर पाहुणा, त्यामुळे मला तिथे फिरताना परकं वाटत नाही, उलट कॅनडात इतकी वर्षं राहून जे झाडांशी जमलं नाही ते तिथे महिन्यात जमलं.

आणि वास! मेसामध्ये संत्र्या-लिंबांच्या जुन्या बागा होत्या, बऱ्याच तोडून घरं झाली पण जुन्या गल्ल्यांतून झाडं आहेत अजून, मार्चमध्ये संध्याकाळी चालायला बाहेर पडलं की मोहोराचा वास अंगावर येतो. त्याच गल्ल्यांत मी एकदा बघितलं की एका घराच्या अंगणात चांगलं वीतभर पाणी साचलंय आणि मालक गमबूट घालून निवांत उभा. मला वाटलं पाइप फुटला. तर तिथे कालव्याचं पाणी अजून पाळीने अंगणाला देतात, दिवस आणि वेळ ठरलेली, कधी रात्री दोनची पाळी येते, उठून पाण्याचं दार उघडायचं. अहो माझ्या काकांचं अर्धं आयुष्य दारं धरण्यात गेलं, आणि इथे अमेरिकेत गाडीतून उतरून एक म्हातारा तेच करतोय. त्या कालव्यांतले काही तर होहोकाम नावाच्या तिथल्या प्राचीन लोकांनी हजार वर्षांपूर्वी खणलेल्या पाटांच्या मार्गावरूनच गेलेत, हे ह्यांना कळल्यावर ह्यांचे चार दिवस त्यातच गेले (इरिगेशनमधली नोकरी होती पुण्यात, विषय सोडतात का).

तर माझं मत विचाराल तर साधारण 15 फेब्रुवारी ते 15 एप्रिल. भाडं याच दिवसांत सगळ्यात महाग असतं, कारण मार्चमध्ये बेसबॉलचं स्प्रिंग ट्रेनिंग, म्हणजे सीझनआधीचे सराव सामने, असतं, फिनिक्सच्या आसपास 15 टीम येतात, त्यामुळे जागा आदल्या उन्हाळ्यातच बुक करा. एप्रिल सरताना पारा 35 च्या वर जातो, आणि साप तर मार्चपासूनच बाहेर पडायला लागतात. एका वर्षी सग्वारोची फुलं बघायची म्हणून मुद्दाम 10 मेपर्यंत थांबलो होतो. ते मोठे हातवाले निवडुंग, पहिला हात फुटायलाच पन्नास-सत्तर वर्षं लागतात, त्याच्या डोक्यावर पांढरी फुलं येतात, रात्री उमलतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मिटतात. बघून झाली, धन्य झालो, पण एसी चोवीस तास आणि वस्ती रिकामी, आमच्यासारखे सगळे हिवाळी पक्षी उडालेले. त्यापुढचा उन्हाळा तर सोलापूरलासुद्धा लाजवेल असा, 2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 43 च्या वर होता.

आता घर. नका घेऊ. म्हणजे पहिली दोन वर्षं तरी नका घेऊ. पार्क मॉडेल म्हणजे साधारण 400 स्क्वेअर फुटांचं घर, पुढे ॲरिझोना रूम म्हणतात ती बंद पडवी. घर तुमचं असतं पण जमीन पार्कची, तिचं भाडं दरवर्षी वाढतं आणि तुम्ही कॅनडात असलात तरी बारा महिने भरायचं. आमच्या गल्लीत एका जोडप्याने पहिल्याच आठवड्यात प्रेमात पडून घेतलं, पुढच्या वर्षी काकांची बायपास झाली, मग कॅनडाचा डॉलर घसरला, आता दोन वर्षं विकायला लावलंय. शिवाय 55 प्लसचे नियम नीट वाचा. कायद्याने 80 टक्के घरांत निदान एक माणूस 55 च्या वरचं लागतं, पण नातवंडं किती दिवस राहू शकतात, स्विमिंग पूलवर मुलांची वेळ कोणती, हे प्रत्येक वस्तीचं वेगळं. आमच्याकडे नातू दोन आठवडे, त्याच्यावर एक दिवस नाही. या वस्त्यांची कल्पना मोठ्या प्रमाणावर चालली ती तिथूनच बरं का, सन सिटी 1 जानेवारी 1960 ला उघडलं, गोल्फ कोर्स आणि क्लबहाऊस आधी बांधून मग घरं विकायला काढली.

कागदांचं थोडं कंटाळवाणं सांगते पण हे वाचाच. आल्बर्टाची, म्हणजे आपल्या प्रांताची, हेल्थ केअर टिकवायची तर बारा महिन्यांत 183 दिवस प्रांतात असायला हवं. अमेरिकेच्या टॅक्सवाल्यांचं गणित वेगळं, या वर्षीचे सगळे दिवस, अधिक गेल्या वर्षीचे एक तृतीयांश, अधिक त्याच्या आदल्या वर्षीचे एक षष्ठांश, बेरीज 183 झाली की त्यांच्या लेखी तुम्ही तिथले रहिवासी, मग 8840 नंबरचा फॉर्म भरून सांगावं लागतं की बाबांनो आमचं घरदार कॅनडात आहे. दरवर्षी 121 दिवसांच्या आत राहिलात तर हे येत नाही. जायचा दिवस आणि यायचा दिवस दोन्ही मोजतात. आणि 2025 च्या एप्रिलपासून 30 दिवस किंवा जास्त राहणाऱ्यांना नोंदणी लागते, विमानाने गेलात तर एंट्रीच्या वेळी आय-94, म्हणजे प्रवेशाची नोंद, होतो त्यात ते येतं, गाडीने जाणार असाल तर आय-94 झालाय का ते बघा.

इन्शुरन्समध्ये आम्ही सणसणीत मार खाल्लाय. निघायच्या पाच आठवडे आधी ह्यांच्या बीपीच्या गोळीचा डोस डॉक्टरांनी कमी केला. कमी केला, वाढवला नाही! आम्ही खूश, तब्येत सुधारली म्हणून. मार्चमध्ये तिकडे छातीत धडधड झाली म्हणून इमर्जन्सीत एक रात्र काढली, निघालं काहीच नाही, पण बिल अकरा हजार डॉलर, आणि कंपनी म्हणाली डोस बदलला म्हणजे प्रकृती स्थिर नव्हती, क्लेम नामंजूर. पॉलिसीत तसं लिहिलेलंच होतं, बारीक अक्षरात, आम्ही वाचलं नव्हतं. तेव्हा निघायच्या आधी कितीही चांगल्या कारणाने गोळी बदलली तरी कंपनीला फोन करा, आणि जमलं तर डॉक्टरांची फेरी तीन-चार महिने आधीच उरका. अजून एक, व्हॅली फीव्हर नावाचं प्रकरण आहे, तिथल्या मातीतली बुरशी धुळीतून फुप्फुसात जाते, लक्षणं साधी फ्लूसारखी. घरी परतल्यावर खोकला-ताप रेंगाळला तर डॉक्टरांना सांगा की आम्ही ॲरिझोनात होतो, नाहीतर इकडे कुणाच्या डोक्यात येत नाही.

कंटाळ्याचं म्हणाल तर तो पहिले दहा दिवस येतो, खरं सांगते. सकाळी सात वाजता शेजारी पिकलबॉलचं (टेनिससारखा एक खेळ) टॉक-टॉक सुरू होतं आणि आपण परके. मग मी पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, साबुदाणा वडे नेले. चटणी आपली सोलापुरी शेंगाची, ओठ सुजतील म्हणून दही कालवलं, तरी मॅनिटोबाचे एक आजोबा डबा घेऊन आले दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून मला माझं नाव घेऊन कुणी ओळखत नाही, पीनट लेडी म्हणतात. शाकाहारी खाण्याचा काही प्रश्न नाही, चँडलरला इंटेलमुळे आपले लोक भरपूर, किराणा सगळा मिळतो, आणि मॅरिकोपाला महागणपतीचं देऊळ आहे, वाळवंटात मधोमध, चतुर्थीला आम्ही जातोच.

फिरायला एकदा क्वार्ट्झसाइटला जाऊन या. एरवी अडीच हजारांच्या आतलं गाव, हिवाळ्यात चहूकडे माळावर राहायच्या गाड्याच गाड्या, जत्राच. सरकारी जमिनीवर 180 डॉलरमध्ये 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल गाडी लावून राहतात लोक, म्हातारे एकेकटे सुद्धा, सोलर पॅनल लावून, कुत्रं सोबतीला. आम्हाला नाही झेपणार ते, पण बघताना थोडा हेवा वाटला. तिथल्या कबरस्तानात एक दगडी पिरॅमिड आहे आणि वर उंट. 1856 मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले होते, त्यांच्यासोबत आलेला उंटवाला हाजी अली, लोकांना नाव नीट घेता येईना म्हणून त्याचं केलं हाय जॉली, तो तिथेच राहिला आणि 1902 मध्ये तिथेच गेला. माझ्या नावाचं कॅनडात काय काय झालंय ते आठवून मी त्याला मनापासून नमस्कार केला. तिथून पुढे युमाला खजुराचा मिल्कशेक प्या आणि सीमेपलीकडे लोस अल्गोदोनेसला चालत जाऊन या, मेक्सिकोचं छोटं गाव, पावलोपावली डेंटिस्ट, ह्यांनी दोन कॅप तिथे बसवल्यात, शाबूत आहेत अजून. पासपोर्ट विसरू नका.

आणि पाडवा. तो या सीझनमध्ये येतोच, कधी मार्च कधी एप्रिल. तिथल्या पहिल्या पाडव्याला ॲरिझोना रूमच्या बाहेर गुढी उभारली, काठी म्हणून पूल साफ करायच्या जाळीचा दांडा, वर माझी इरकल साडी आणि स्टीलचा तांब्या, कडुनिंब कुठला मिळायला, लिंबाची डहाळी मोहोरासकट बांधली. आमच्या गल्लीत ज्याच्या त्याच्या दारावर हॉकी नाहीतर फुटबॉल टीमचा झेंडा असतो, त्यामुळे पार्कचा मॅनेजर गोल्फ कार्टमधून आला तो विचारायला, ही कुठली टीम? हे म्हणाले, साताऱ्याची. (सातारचे आहेत ना. मी तिथेच उभी होते, साडी माझी, तांब्या माझा.) आता दर वर्षी सास्काचवानच्या आजी आधीच विचारतात, तुमचा झेंडा कधी, मला श्रीखंडाची वाटी आणायची आहे.

येताना एक साधा प्लास्टिकचा कंगवा खिशात ठेवा. केसांसाठी नाही, तिथे चोया नावाचं निवडुंग आहे, नुसतं घासून गेलं तरी त्याचा गोळा पायाला चिकटतो, हाताने काढायला गेलात तर हातात रुततो. कंगवा खाली घालून झटक्यात उडवायचा, आणि समोर कुणी उभं नाही ना ते बघून.