वाचकांचे प्रश्न : सेंद्रिय शेतीत आधी नत्राचा हिशोब

प्रश्न : सेंद्रिय केलं की उतारा पडतो, असं दुकानदार सांगतात. गटाच्या बैठकीत मात्र तीन वर्षांत बरोबरी होते असं ऐकतो. प्रयोगांत नेमकं काय दिसलंय? (कापूस-गहू उत्पादक, जि. यवतमाळ)

दोघांचंही म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या जमिनीशी सर्वांत जास्त मिळताजुळता प्रयोग मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, निमाडच्या काळ्या मातीत आहे. स्वित्झर्लंडची सेंद्रिय शेती संशोधन संस्था 'फिबल' आणि खरगोनमधली 'बायोरे' संस्था यांनी तो 2007 मध्ये सुरू केला. कपाशी, सोयाबीन आणि गहू अशी दोन वर्षांची फेरपालट आणि चार पद्धती शेजारीशेजारी : बायोडायनॅमिक (सेंद्रियाचाच एक प्रकार), सेंद्रिय, रासायनिक, आणि बीटी कपाशीसह रासायनिक.

पहिल्या दोन वर्षांत (2007-08) सेंद्रिय बाजूला कपाशी 29 टक्के आणि गहू 27 टक्के कमी आला, सोयाबीन जेमतेम 1 टक्का. पुढच्या दोन वर्षांत (2009-10) कपाशी आणि गव्हाची बरोबरी झाली, सोयाबीनमध्ये 11 टक्के फरक राहिला. खर्च वजा जाता शिल्लक पाहिली तर पहिल्या फेरीत रासायनिक पद्धत 29 टक्क्यांनी पुढे होती, दुसऱ्या फेरीत सेंद्रिय 25 टक्क्यांनी.

बैठकीत सांगितली जाते ती ही बरोबरीच. पण ती झाली कशी, हे सांगायचं राहून जातं. दुसऱ्या फेरीत रासायनिक बाजूचा उतारा खाली आला, म्हणून दोन्ही सारखे दिसले. सेंद्रिय बाजू आपोआप वर चढत गेली असा त्याचा अर्थ लावू नका. कोणताही आकडा वाचताना तो कोणत्या वर्षांचा आहे आणि शेजारच्या प्लॉटचं त्या वर्षी काय झालं, हे दोन्ही बघायला हवं.

सोयाबीनला पहिल्याच फेरीत फटका का बसला नाही? त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र (नायट्रोजन) घेतात. गव्हाचं उलटं आहे. मुकुटमुळं फुटण्याची अवस्था पेरणीनंतर 21 दिवसांच्या आसपास येते, तिथून फुटव्यांना नत्र भराभर लागतो. नेमके ते डिसेंबरचे थंड दिवस. थंडीत जिवाणू मंदावतात, शेणखतातला नत्र हळू सुटतो. खत शेतात असतं, पण पिकाला ते वेळेवर मिळत नाही. 2012 मध्ये जगभरच्या प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं, त्यातही हेच दिसतं : पीक आणि परिस्थितीप्रमाणे सेंद्रिय उतारा 5 ते 34 टक्के कमी, आणि सगळ्यांत कमी तफावत कोरडवाहू शेंगवर्गीय आणि बहुवर्षायू पिकांत.

म्हणून आमचा सल्ला : सुरुवात सोयाबीन, तूर, हरभरा असलेल्या तुकड्यापासून करा. गहू त्यांच्या बिवडावर, म्हणजे त्यांच्या मागून त्याच जमिनीत, शेवटी घ्या. आणि सगळी जमीन एकाच वर्षी पालटू नका.

प्रश्न : दर पंधरा दिवसांनी एकरी 200 लिटर जीवामृत देतो. मग शेणखत बंद केलं तर चालेल का? (जि. जालना)

नाही, बंद करू नका. हिशोब घालून पाहा. 200 लिटर पाण्यात 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ताज्या शेणात नत्र साधारण 0.3 ते 0.4 टक्के धरला, तर 10 किलोत 30 ते 40 ग्रॅम. गोमूत्रात 1 टक्क्याच्या आसपास, म्हणजे 100 ग्रॅम. बेसनात प्रथिनं साधारण 22 टक्के. त्यांचा नत्र होतो 70 ग्रॅम. गुळात जवळजवळ नाही. एका पिंपात एकूण 200 ग्रॅम. हंगामात आठ वेळा सोडलं तरी दीड किलोच्या थोडं वर. बागायती गव्हाची शिफारस हेक्टरी 120 किलो नत्राची आहे, म्हणजे एकरी 48 किलो.

जीवामृतातून जिवाणू जातात, त्यांचा उपयोग होतो, असं यावर उत्तर मिळतं. पण एक ग्रॅम चांगल्या मातीत आधीच कोट्यवधी जिवाणू असतात आणि एक एकराच्या वरच्या 15 सेंटिमीटर थरात जवळजवळ 800 टन माती असते. तिथे जिवाणूंची वाण नसते, त्यांच्या खाण्याची असते. शेणखत, पालापाचोळा, मुळं हे ते खाणं. जीवामृत त्याच्या जोडीला द्या, त्याच्या जागी नको.

48 किलो उभे कुठून करायचे? शेणखतात नत्र अर्धा टक्का असतो, म्हणजे 5 टनांत 25 किलो. त्यातला पहिल्या हंगामात साधारण तिसरा हिस्सा सुटतो : 8 किलो. निंबोळी पेंडेत 5 टक्के. 200 किलोतून 10 किलो, आणि तो शेणखतापेक्षा लवकर मिळतो. पावसाळ्यात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा घेऊन 45 ते 50 दिवसांनी, फुलं दिसू लागताच गाडला तर एकरी 25 ते 30 किलो जमिनीत जातात. दिवस चुकवू नका. तागाचं खोड एकदा निबर झालं की कुजायला महिना-दीड महिना जास्त घेतं, आणि गाडताना जमिनीत ओल नसेल तर ते तसंच पडून राहतं. बी एकरी 20 ते 25 किलो टाका. विरळ ताग जाड होतो.

बेरीज 43 ते 48 किलो होते, म्हणजे पाच किलोंपर्यंत कमी पडू शकतात, शिवाय ताग-धैंच्याचा सगळा नत्र त्याच गव्हाला मिळत नाही. ही तूट मागच्या वर्षांच्या शेणखताच्या शिलकीतून भरते. शिल्लक नसलेल्या जमिनीत पहिली दोन वर्षं उतारा घसरतो तो इथे.

प्रश्न : गव्हाचं काड रोटाव्हेटरने जमिनीत मिसळलं आणि लगेच मका पेरला. मका पिवळा पडला. काड जमिनीला वाईट का? (जि. धुळे)

काड चांगलं, घाई वाईट. गव्हाच्या काडात कर्ब (कार्बन) आणि नत्राचं गुणोत्तर 80:1 च्या आसपास असतं. एक टन काडात कर्ब 400 किलो आणि नत्र 5 किलो. हा कर्ब खाऊन जिवाणू वाढतात, आणि त्यांचं शरीर घडायला 13 ते 16 किलो नत्र लागतो. उरलेले 8 ते 11 किलो ते मातीतून, म्हणजे मक्याच्या तोंडातून काढून घेतात. जिवाणू मेल्यावर हा नत्र परत सुटतो, पण तोवर मक्याचे पहिले चार-सहा आठवडे गेलेले असतात.

आता उभ्या पिकाला गोबरगॅसची स्लरी पाण्याबरोबर सोडा. पुढच्या वेळी काड वरच आच्छादन म्हणून ठेवा. मातीत न मिसळलेलं काड नत्र फारसा ओढत नाही. मिसळायचंच असेल तर ओलीत मिसळून पेरणीआधी दीड महिना जाऊ द्या, किंवा त्यावर मूग-उडीद घ्या. पऱ्हाटीला (कपाशीच्या वाळल्या झाडांना) हा नियम आणखी कडक : श्रेडरने बारीक करून शेणकाल्यात कुजवा. आणि ती बांधावर रचून ठेवू नका, गुलाबी बोंडअळी तिच्यात मुक्काम करते.

प्रश्न : माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के आला. तीन वर्षांत 1 टक्का करून देतो, असं एका कंपनीचा माणूस म्हणतो. शक्य आहे का? (जि. सोलापूर)

कोरडवाहू काळ्या जमिनीत, तीन वर्षांत, नाही. एकरात 800 टन माती धरली तर 0.1 टक्का वाढवायला 800 किलो कर्ब मातीत टिकायला हवा. 5 टन शेणखतात अर्धं पाणी. कोरड्या भागात कर्ब फार तर 600-700 किलो, आणि त्यातला 15 ते 20 टक्केच काही वर्षांनी शिल्लक राहतो, म्हणजे शंभर-सव्वाशे किलो. मुळं आणि काडीकचऱ्याने जमिनीची रोजची झीज भरून काढली, तरी 0.1 टक्क्याला सहा ते आठ वर्षं.

इंग्लंडमधल्या रॉदमस्टेडला ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात 1843 पासून दरवर्षी हेक्टरी 35 टन, म्हणजे एकरी 14 टन शेणखत पडतंय. तिथला कर्ब बिनखताच्या पट्ट्याच्या दुपटीहून जास्त झाला आहे. पण तो थंड प्रदेश आहे आणि मधे दीड शतकाहून अधिक काळ गेला आहे. आपल्या उन्हात कर्ब त्याहून भराभर जळतो.

मग काही जणांच्या अहवालात वर्षभरात 0.4 चा 0.8 कसा होतो? बहुतेक वेळा नमुन्यामुळे. खत टाकल्यावर माती काढली की शेणखताचे कणही मोजले जातात. खारवट जमिनीतले क्लोराइड रसायनाने कर्ब मोजण्याच्या नेहमीच्या वॉकले-ब्लॅक पद्धतीत आकडा फुगवतात. दुसऱ्या प्रयोगशाळेने माती जाळून एकूण कर्ब मोजला आणि चुनखडी आम्लाने आधी काढली नाही, तर चुनखडीतला कर्बही सेंद्रिय म्हणून लागतो. सोलापूरकडच्या जमिनीत हा धोका मोठा. म्हणून दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, खत टाकण्याआधी, 10-12 जागी 15 सेंटिमीटरचा व्ही आकाराचा खड्डा घेऊन, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची जागा टाळून नमुना काढा. सावलीत वाळवा. प्रयोगशाळा बदलू नका.

कर्ब वाढला की जमीन खूप पाणी धरते, हेही जरा बेतानं घ्या. जगभरच्या मोजण्या एकत्र केल्यावर दिसलं की पूर्ण 1 टक्का कर्ब वाढला तर 100 मिलिमीटर जाडीच्या थरात पिकाला मिळणारं पाणी सरासरी दीड मिलिमीटरही वाढत नाही, आणि चिकण मातीत त्याहून कमी. काळ्या जमिनीचा खरा फायदा वेगळा आहे : ढेकळं भुसभुशीत होतात, पहिला पाऊस वाहून न जाता मुरतो. हे घरी बघता येतं. शेतातलं आणि बांधावरच्या गवताखालचं वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ दोन काचेच्या ग्लासांत पाण्यात सोडा आणि पाच मिनिटं पाहा. शेतातलं विरघळून तळाशी चिखल झाला आणि बांधावरचं तुकड्या-तुकड्यांनी टिकून राहिलं, तर कर्बाच्या आकड्याआधी हा फरक कमी करायच्या मागे लागा.

प्रश्न : स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट चालेल का? (जि. लातूर आणि जि. रत्नागिरी, दोघांनी विचारलं आहे)

रत्नागिरीच्या जांभ्या, आम्लधर्मी मातीत चालेल. हे स्फुरदयुक्त (फॉस्फरसयुक्त) खडकाचं पीठ, ते विरघळायला आम्ल लागतं. लातूरच्या 8 सामूच्या (पीएच) चुनखडीयुक्त जमिनीत थेट टाकलं तर ते पडून राहतं, पैसे वाया. तिथे ते स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंसह कंपोस्टच्या थरांत मिसळून कुजवा, मग शेतात न्या.

प्रश्न : माझ्याच शेतात तुलना करायची तर कशी करू? (जि. नाशिक)

अर्धं शेत सेंद्रिय आणि अर्धं रासायनिक, असं करू नका. उताराखालचा अर्धा भाग बहुधा जास्त पिकतो. उताराच्या दिशेने लांब जाणारे सहा पट्टे पाडा आणि एकाआड एक पद्धत द्या. वाण, पेरणीची तारीख, झाडांची संख्या आणि पाणी सारखं. पाणी आणि खत शेजारी झिरपतं म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या कडेच्या दोन ओळी मोजू नका. कापणीला प्रत्येक पट्ट्यात 5 बाय 5 मीटरचा चौकोन आखून त्यातलं धान्य वेगळं मळा आणि सारखंच वाळवून वजन करा. एकाच पद्धतीच्या तीन पट्ट्यांत आपापसात जेवढा फरक येतो, त्याहून दोन पद्धतींच्या सरासरीतला फरक मोठा असेल तरच त्याला किंमत द्या. मजुरीचे तास आणि खताची ने-आण वहीत वेगळी लिहा. सेंद्रिय बाजूला खर्च वाढतो तो बहुधा याच दोन ठिकाणी. पहिल्या वर्षाच्या आकड्यावर काही ठरवू नका, किमान तीन हंगाम तेच पट्टे तसेच ठेवा.