वाचकांचे प्रश्न: ‘द सन्स रूम’ बघून पडलेले

प्रश्न: इटालियन दिग्दर्शक नान्नी मोरेत्तीचा ‘द सन्स रूम’ हा पिक्चर बघितला, २००१ला कान फिल्म फेस्टिव्हलमध्ये पाम दोर हे सर्वोच्च बक्षीस मिळालेला म्हणून मुद्दाम. पोरगा जातो, घर कोलमडतं इथपर्यंत ठीक. पण बाप स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असून त्याला काहीच कसं सावरता येत नाही? आणि ते शवपेटी बंद करायचं एवढं तपशिलात कशाला दाखवलंय? (वाचक, सांगली)

उत्तर: अहो, तज्ज्ञ आहे म्हणूनच तर गोची आहे. एका रविवारी हा बाप, जोव्हानी, मुलाला म्हणजे आंद्रेआला म्हणतो चल पळायला जाऊ, तेवढ्यात एका पेशंटचा फोन येतो की कॅन्सर निघालाय, हा त्याच्याकडे जातो आणि पोरगा मित्रांसोबत समुद्रात डायव्हिंगला जातो तो परत येतच नाही. आता तोच पेशंट पुन्हा समोर येऊन बसणार आणि ह्याने शांतपणे ऐकून घ्यायचं? कसं जमेल? तो मनातल्या मनात तो रविवार परत परत जगतो, फोनवर नाही म्हणालो असतो तर, पळायला गेलो असतो तर. दुसऱ्यांना यातून बाहेर काढणं हाच धंदा, आणि स्वतःला ते लागू पडत नाही. शेवटी प्रॅक्टिसच बंद करतो.

शवपेटीचं म्हणाल तर मला तो सीन सगळ्यात खरा वाटला. पत्र्याचं झाकण डाग देऊन बंद करतात, वर लाकडी झाकणाचे स्क्रू पिळतात, नुसता मशीनचा आवाज. आपल्याकडे अग्नी देतात त्यामुळे हे बघायची सवय नाही, पण कारागीर आपलं काम करतोय आणि घरचे बघतायत हे कुठेही तसंच असतं ना. दुसरा एखादा डायरेक्टर असता तर इथे व्हायोलिन घुसडलं असतं.

आंद्रेआची बहीण (‘इरेने’ हे तिचं नाव) बास्केटबॉलच्या मॅचमध्ये मारामारी करते तेही नीट बघा. तिघं एका घरात राहून तिघं वेगवेगळं रडतात, नवराबायकोचं तर बोलणंसुद्धा धड होत नाही. इटलीतल्या अंकोना शहरातलं ते घर आधी किती हसतं होतं!

प्रश्न: माझ्या काकूंचा मुलगा गेल्या वर्षी गेला. त्यांना हा पिक्चर दाखवू का? (वाचक, नाशिक)

उत्तर: आपणहून नको. त्यांनीच विषय काढला तर गोष्ट वेगळी. पिक्चरमध्ये आरियाना नावाची मुलगी येते, सुट्टीतल्या कॅम्पमध्ये आंद्रेआला भेटलेली, तिच्याकडे त्याने स्वतःच्या खोलीत काढून पाठवलेले फोटो असतात, मस्करी करतानाचे, घरच्यांनी कधी न बघितलेले. तुमच्या फोनमध्ये त्या भावाचे असे काही फोटो असतील तर काकूंना विचारा बघायचेत का, आणि हो म्हणाल्या तर तेच घेऊन जा, पिक्चर राहू दे.